दोब्रीचे कान

पेन्चोने राकिया दारूचे दोन थेंब मेलेल्यासाठी जमिनीवर सांडले, मग पेला ओठांना लावला आणि खोलीच्या मधोमध ठेवलेल्या शवपेटीकडे पाहत म्हणाला, "असे कान पुन्हा व्हायचे नाहीत, वहिनी."

नेदाला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. तिचा नवरा दोब्री बहिरा होता. लढाईत द्रावा नदीच्या काठी दोब्रीच्या शेजारीच तोफगोळा फुटला. घरी आला तो एक पदक आणि बहिरेपण घेऊन. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं. पेन्चो मात्र शहरातला, मोटरच्या कारखान्यातला त्याचा जोडीदार. या घरात तो आज पहिल्यांदाच आला होता.

तो रंगात येऊन सांगू लागला. तयार झालेली प्रत्येक मोटर आधी दोब्रीपुढे यायची. तिच्यावर लाकडी दांडकं टेकवून दुसरं टोक तो कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. आत कुठे घासत असेल तर लगेच हात वर करायचा. जेवणाच्या सुट्टीत कोणी पाठीमागे त्याची नक्कल केली, तर मान न वळवता त्याचं नाव घेऊन शिवी हासडायचा.

"त्यांना ऐकू येत नव्हतं," नेदा म्हणाली.

पेन्चो हसला. मग तिचा चेहरा पाहून त्याने पेला खाली ठेवला.

"यायला लागलं होतं, वहिनी. तुमच्या लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत. मी म्हटलं होतं त्याला, घरी सांगून टाक की. तर म्हणाला, ती माझ्यापाशी मन मोकळं करते रे. कान परत आलेत हे कळलं, तर गप्प बसेल."

नेदा शवपेटीकडे वळली.

कामापुरतं ती त्याच्या कानाशी ओरडायची. पाव आण, सरपण फोड, बस चुकेल. पण संध्याकाळी भाजलेल्या मिरच्यांची सालं काढताना, त्याच्याकडे पाठ करून, ती हळू आवाजात बोलत राहायची. वेल्कोबद्दल. वेल्कोशी तिचं लग्न ठरलं होतं, आणि त्याच गोळ्याने तो गेला. तू आलास, तो का नाही आला, असं ती विचारायची. दोब्री उठून चुलीत एखादं लाकूड सरकवायचा, एवढंच. एका हिवाळ्यात तो तापाने फणफणला होता. तेव्हा उशाशी बसून तिने त्याला सांगितलं होतं, तू मेलास तरी मला रडू येणार नाही. त्याने डोळे उघडून पाणी मागितलं होतं. तिने दिलं होतं.

दारात पाद्री आला. आता पेटी झाकायची होती. शेजारच्या म्हाताऱ्या गीनाने सगळ्यांना अंगणात काढलं, पेन्चोलाही, आणि नेदाच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय सांगायचं ते सांगून घे, बाई. जरा मोठ्याने सांग. बिचाऱ्याला ऐकू यायचं नाही."

नेदा पेटीवर वाकली. तिने मान वळवून गीनाकडे पाहिलं.

"तूही बाहेर जा," ती म्हणाली. "त्यांना ऐकू येतं."