साहेब दारी येणार म्हणून

लोखंडाच्या कारखान्याविरुद्ध गावातून सही एकट्या ज्योत्स्नाची. बाकी घरोघरी कुणी ना कुणी तिथंच कामाला. दोन वर्षं अर्ज करकरून अखेर प्रदूषण खात्याचे साहेब यायचे ठरले. त्यांना डोळ्यांनी दिसावं म्हणून तिनं आठ दिवस अंगणातल्या काजळीला झाडू लागू दिला नाही.

फाट्यावरून साहेबांना घेऊन ती आली, तर दारात ताजा सडा, रांगोळी. पेरूची पानंसुद्धा ओल्या फडक्यानं पुसलेली.

"आत्याबाई, हे काय केलं?"

"मंग? एवढा मोठा साहेब येऊन राह्यला, अन् अंगण काळंठिक्कर ठेवू? लोक नावं ठेवतेन तुलाच!" सासूबाई म्हणाल्या. "बसा साहेब, चहा टाकते."

साहेबांनी चहा घेतला, अंगणाचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'तक्रारीत तथ्य नाही.'