सजवलेली खोली

रोमानियातल्या मारामुरेश भागातल्या एका खेड्यात ईस्टर जवळ आला की सत्तरीच्या पारास्किवाबाई मेटाकुटीला येत. हाताने विणलेले लोकरी गालिचे धुवायचे, पाहुण्यांच्या खोलीच्या भिंतींवर टांगायचे, पलंगावर भरतकामाच्या उशा पार छताला टेकेपर्यंत रचायच्या. स्वतः मात्र त्या स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपत.

वीस वर्षांपासून इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करणारी त्यांची लेक रुक्सांद्रा यंदा एक दिवस आधीच येऊन ठेपली. पाहते तो आई स्टुलावर चढून गालिचा टांगतेय.

"आई, उतर आधी! कुणासाठी हा आटापिटा?"

"कुणासाठी म्हणजे? दर वर्षी आलीस की किती वाखाणतेस ही खोली!"

रुक्सांद्रा दारातच बॅगेवर बसली. "तुला वाईट वाटू नये म्हणून गं. झोपताना एकेक उशी उतरवायची, उठल्यावर पुन्हा तश्शीच रचायची... वर्षभर परक्यांच्या खोल्या आवरून आलेली असते मी. मला तुझ्याजवळ, चुलीपाशी पडायचं असतं."

गालिचा तसाच खाली टाकून पारास्किवाबाई उतरल्या आणि स्टुलावर टेकल्या.



"अगं, मग वीस वर्षांपूर्वीच बोलायला काय झालं होतं? माझे गुडघे तरी वाचले असते!"