तळघरातली कमान

सबातिनोने आणखी एक घण घातला आणि कमानीच्या पायातली वीट एकदाची सुटली. बेकरीच्या तळघरात नव्या भट्टीसाठी त्याला थोडीच जागा हवी होती. पण ही रोमन भिंत सकाळपासून दमवत होती. विटा फुटायच्या, त्यांना धरून ठेवणारा जुना चुना मात्र छिन्नीला दाद देत नव्हता.

तो घाम पुसत होता तेवढ्यात वरून धूळ पडायला लागली. चाळणीतून पीठ पडावं तशी, बारीक आणि सारखी. त्याने दिवा वर धरला. कमानीच्या माथ्यावर केसाएवढी भेग दिसली. तो बघत असतानाच ती पुढे सरकली.

नेपल्सच्या त्या गल्लीतली निम्मी घरं रोमन नाट्यगृहाच्या कमानींवर बसलेली. या कमानीवर त्याची बेकरी होती, आणि बेकरीच्या वर त्याचा थोरला भाऊ अनिएल्लो राहत होता.

सबातिनो धावत जिना चढला. रविवार होता. भाऊ आणि वहिनी जेवायला बसली होती.

"दादा, ऊठ. वहिनी, तुम्हीपण. आत्ताच्या आत्ता खाली रस्त्यावर चला."

अनिएल्लो काट्याला पास्ता गुंडाळत राहिला. "आधी निरोप धाडलास उंदीर झालेत, घर सोडा. मग धाडलास छत गळतंय, सोडा. ही जागा बळकावायला आता काय नवीन काढलंस?"

"खालची कमान खचतेय, दादा. मी फोडली."

"तू?" अनिएल्लोला हसू फुटलं. "अरे, भूकंपात अख्खी गल्ली रस्त्यावर झोपली, तेव्हा त्या कमानीला ओरखडा आला नाही. दोन हजार वर्षं उभी आहे ती. आणि तू पाववाला तिला पाडणार!"

"भट्टीसाठी फोडली. परवानगीसुद्धा काढली नाही. हवं तर मला पोलिसांत दे, पण आधी उतर."

तितिनावहिनीचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"देईन की. जेवण तर होऊ दे." अनिएल्लोने मान वर केली. धाकट्याच्या पापण्यांवर विटेची लाल धूळ बसली होती. थोरल्याचा आवाज जरा उतरला. "किती वर्षांनी या दारात आलायस, माहितीय? बस. तितिना, याला ताट वाढ."

एवढं ऐकायला सबातिनोने एरवी काय वाटेल ते दिलं असतं. त्याने खुर्चीची पाठ धरली, पण बसला नाही.

"दादा, पाया पडतो तुझ्या. चल."

तितिना स्वयंपाकघरातून ताट घेऊन आली. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तिने रोजच्यासारखं टाचेने पाठीमागे स्वयंपाकघराचं दार लोटलं. ते अर्ध्यावर अडकलं. तिने ताट टेबलावर ठेवलं आणि खांदा लावून दार रेटलं. चौकट करकरली. दार हललं नाही.

"हे काय आता," ती म्हणाली, "सकाळी तर नीट लागत होतं."

टेबलाखाली अनिएल्लोने आपले दोन्ही पाय हळूच जमिनीवरून उचलून घेतले.