अण्णांचं ताट

"कुमुद, गॅस बंद कर," भिंतीतून अण्णांचा आवाज आला. कुमुदताईंनी मुकाट्याने गॅस बंद केला.

अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आई दुसऱ्या कुणाचंच ऐकेना, म्हणून महिन्यापूर्वी श्रीनिवासने घराच्या यंत्रणेला वडिलांचा आवाज दिला होता. तेव्हापासून ती भाजली नाही, घसरली नाही, एकटी बाहेर भटकली नाही. पण या महिन्याभरात सहा किलो उतरली. का, ते बघायला तो आज आला होता. दारात तिने "श्रीनू, आलास का रे?" म्हटलं, तेव्हा त्याला बरं वाटलं.

टेबलावर दोन ताटं वाढलेली होती. वरण गार झालं होतं.

"आई, जेव ना."

"यांचं व्हायचंय अजून. यांच्याआधी मी कधी जेवले आहे का?"

श्रीनिवासने फोनवरून घराला सूचना दिली. भिंत म्हणाली, "कुमुद, मी जेवलो. तू बस."

"काहीतरीच तुमचं. ताट तसंच आहे की."

श्रीनिवास अण्णांच्या खुर्चीत बसला आणि भात कालवू लागला. आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, पदर सारखा केला, लिंबाची फोड त्याच्या ताटात ठेवली. त्याचं जेवण झाल्यावर ती बसली आणि भराभरा, पोटभर जेवली.

मग तिने त्याच्याकडे बघत विचारलं, "अहो, आज श्रीनू यायचा होता ना?"

भिंतच म्हणाली, "येईल गं. तू गोळी घे."