करकोच्याला साक्षीदार

करकोचा समोरच उभा होता. माणसाच्या छातीएवढा उंच, मान काळीभोर, पाय लालबुंद. नेरूळच्या मिठागरात, घोटाभर पाण्यात. आणि बांधावर धर्मराज एकटा.

दुर्मीळ पक्षी दोघांनी पाहिला तरच मुंबईचं पक्षिमंडळ मानायचं. फॉर्मवर दोन नावं लागत. मागच्या दोन रविवारचे फॉर्म परत आले होते. यंदाच्याच जूनमध्ये परभणीहून बदलून आलेल्या, वाशीत एकट्यानं राहणाऱ्या कारकुनानं दुसरं नाव आणायचं कुठून? शेजाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "धर्मराज, तुम्ही आधी लग्न करा."

"पुन्ना मोजाला आलाव का, सायेब?" मागे चिंबोऱ्यांची टोपली घेतलेली एक म्हातारी उभी होती. "जमीन त सरकारनं नेली समदी."

"मोजणीवाला नाही हो मी, मावशी. पक्षी बघतोय. तुम्हीही बघा ना." त्यानं दुर्बीण तिच्या हातात जवळजवळ कोंबलीच.

तिनं बराच वेळ पाहिलं. "डोला पिवला हाय."

पिवळा डोळा म्हणजे मादी. तीन रविवार पाहूनही हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"नाव सांगा, लिहितो. दोघांनी पाहिला, तरच तो आला असं धरतात."

"शेवंताबाई गोटीराम ठाकूर. न् एकट्यानं पायला त?"

"तर नाही आला."

शेवंताबाई हसली. "गेल्या साली डिसेंबरला जोडी व्हती. म्हैनाभर रोज बगली. मी एकलीच. म्हंजे ती पन नाय आली?"

धर्मराजची पेन्सिल थांबली. हे असलं उत्तर त्याला टपालानं दोनदा आलं होतं. आता ते त्यानं द्यायचं होतं.

त्यानं पिशवीतून दुसरा फॉर्म काढला. डिसेंबर १९८२. नेरूळ. पक्षी दोन. पहिल्या ओळीत तिचं नाव लिहिलं, दुसऱ्या ओळीत स्वतःचं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं एकही खोटी रजा टाकली नव्हती.

मग सगळं तिला वाचून दाखवलं.

"तुमी व्हताव तवा?"

"होतो."

शेवंताबाईनं टोपली बाजूला ठेवली. मग हळूच खाली बसली. मैलभर बांध रिकामा पडला होता, तरी तिनं सरकून जागा केली.