हौदातले कामगार

"हौदात मासे? अरे, त्या पाण्यात मी कपडे धुते!" शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मशीन थांबवून आरोग्यखात्याच्या माणसाला दारातच अडवलं. मागच्या खेपेला त्याने भरलेला हौद रिकामा करायला लावला होता, तो राग अजून नाकावर होता.

"काकू, गल्लीत डेंग्यूचे पेशंट वाढलेत," पिशवीतले गप्पी मासे दाखवत तो म्हणाला. "हे डासांच्या अळ्या खातात. आमचे कामगारच समजा. तुम्हाला काहीच करायचं नाही. एवढा एकदा माझ्यावर विश्वास ठेवा."

काकूंनी त्याला चष्म्यावरून नीट न्याहाळलं. "सोड. पण घरात कुणाला ताप आला, तर तुझी खैर नाही."

महिन्याभराने तो तपासणीला आला, तर काकू हसतमुखाने दारात उभ्या. "ये रे, बघ तुझ्या कामगारांनी कसं बाळसं धरलंय!"

त्याने हौदात बॅटरीचा उजेड टाकला. मासे चांगले गुबगुबीत झाले होते, आणि त्यांच्या नाकासमोर अळ्या खुशाल वळवळत होत्या. त्याने कपाळाला हात लावला.

"काकू, हे अळ्यांना तोंडच लावत नाहीत की हो!"

"कसे लावतील?" हौदाच्या कठड्यावरची भाताची वाटी दाखवत काकू म्हणाल्या. "दोन्ही वेळा पोटभर घालते. तुझ्या शब्दावर ठेवून घेतलंय त्यांना. कामाला आलेल्याला उपाशी राबवायची आमच्या घरात रीत नाही!"