खोक्यातला कुकर

निवृत्तीच्या सत्कारात दौलतरावांच्या शर्टावर विनाअपघात सेवेचा बिल्ला लागला, तेव्हा कुणीतरी विचारलं, "एवढी वर्षं रातराणी एसटी चालवलीत. कधी डुलकी नाही लागली?"

"दिवसा पोटभर झोपायचो ना!" सगळे हसले.

"हसू नका. झोप अपुरी राहिली, की उघड्या डोळ्यांनाही रस्ता दिसत नाही. माझी झोप हिनं राखली. शिट्टीनं मला जाग येईल, म्हणून लग्नात मिळालेला कुकर खोक्यातच ठेवला आणि जन्मभर पातेल्यात डाळ शिजवली."

त्यांनी बिल्ला काढून बायकोच्या पदराला लावला. टाळ्या थांबेनात.

तिनं मान ताठ करून माइक हातात घेतला. "उद्या कुकर काढणार," ती म्हणाली. "शिट्ट्या हे मोजतील. मी झोपणार."